बुद्धमूर्ती घडवून घ्यायची असेल तर आधी हात ठरवा, मग मटेरियल

जय भीम, नमो बुद्धाय.

बुद्धपौर्णिमा किंवा दसरा जवळ आला की मला फोन सुरू होतात, ताई आमच्या विहारात नवीन मूर्ती बसवून राहिलो, कुठून घ्यायची, संगमरवराची घ्यायची की फायबरची, किती फुटांची घ्यायची. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीच्या विहाराची मूर्ती करून घेण्याचं काम मी आणि महिला मंडळातल्या चौघींनी अंगावर घेतलं होतं, त्यात वर्ष गेलं आणि बरंच शिकायला मिळालं, म्हणून लोक विचारतात. आता एकदाच सविस्तर लिहून ठेवते. विहारासाठी असो की घरातल्या कोपऱ्यासाठी, पायऱ्या त्याच आहेत, फक्त वजन आणि पैसा बदलतो.

सगळ्यांचा पहिला प्रश्न मटेरियलचा नाहीतर उंचीचा असतो. माझ्या मते तो नंतरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की बुद्धांच्या आयुष्यातला कोणता क्षण आपल्याला रोज समोर पाहिजे, कारण मूर्तीत तो क्षण चेहऱ्यापेक्षा जास्त हातांत असतो आणि हात ठरले की कोणतं मटेरियल चालेल, कुठे मोडेल, किती जागा लागेल हे आपोआप ठरत जातं.

आमच्याकडून काय चुकलं ते आधी सांगते. आम्हाला भूमिस्पर्श मुद्रा, म्हणजे बसलेले बुद्ध हातानं जमिनीला स्पर्श करतात ती हातांची ठेवण, पाहिजे होती, मूर्तिकाराला आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक फोटो दिला, छान फोटो होता, पण तो कुणीतरी उलटा केलेला होता, आरशात दिसतो तसा. त्यांनी फोटोप्रमाणे मातीचं छोटं मॉडेल केलं. आम्ही बघून आलो, वा वा केलं, मोबाईलवर फोटो काढून आणले आणि विहारात रविवारच्या वंदनेनंतर सगळ्यांना दाखवले. मागच्या सतरंजीवर बसणाऱ्या एका आजींनी फोटो हातात घेतला, डोळ्याजवळ नेला आणि म्हणाल्या, बाई, हे तर डाव्या हातानं जमिनीला लावून राहिले. चिवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, ते पण उजव्या खांद्यावर होतं आणि डावा खांदा उघडा. सगळंच उलट. माती होती म्हणून वाचलो, तेच संगमरवरात कोरून झालं असतं तर काहीच करता आलं नसतं.

तर पहिला नियम, फोटो देताना तपासा: भूमिस्पर्शात जमिनीला लागतो तो उजवा हात, उघडा असतो तो उजवा खांदा, आणि केसांची वळणं उजवीकडे वळलेली. या तिन्ही गोष्टी उलट दिसल्या तर फोटो उलटा आहे समजा.

मुद्रा कोणती

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा, बुद्धांनंतर कितीतरी शतकं त्यांची मूर्ती केलीच जात नव्हती. बोधिवृक्ष, रिकामं आसन, पावलं, धम्मचक्र, एवढ्यानंच बुद्ध दाखवत. हे बघायला सांचीपर्यंत जायची गरज नाही, आपल्या शेजारी भंडारा जिल्ह्यात पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झालं तिथल्या स्तूपाच्या शिल्पांत वृक्षपूजा आहे, आसन आहे, आणि बुद्धांवर फणा धरणारा मुचलिंद नाग कोरून त्याचं नाव पण लिहिलेलं आहे. मूर्ती नंतर आली, गांधार आणि मथुरेकडे, साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास. म्हणजे मूर्तीतली प्रत्येक खूण कुणीतरी विचार करून, आधीच्या चिन्हांची भाषा वापरून ठेवलेली आहे. आपण सांगताना गोड चेहरा करा एवढंच सांगितलं तर ती भाषा हरवते.

भूमिस्पर्श म्हणजे बोधगयेची रात्र. मोहात पाडायला आलेला मार विचारतो तुझा साक्षीदार कोण, आणि सिद्धार्थ उजव्या हाताची बोटं जमिनीला लावतात, ही धरणी साक्षी. डावा हात मांडीवर, तळवा वर. इथे बघायचं ते हे की बोटं खरंच आसनापर्यंत पोचली पाहिजेत, कितीतरी मूर्तींत हात नुसता गुडघ्यावर टेकलेला असतो, मग ती आराम करत बसलेल्या माणसाची मूर्ती होते.

ध्यानमुद्रा सगळ्यात सोपी आणि घरासाठी मला सगळ्यात आवडते. दोन्ही तळवे मांडीवर एकावर एक, उजवा वर, अंगठ्यांची टोकं एकमेकांना हलकी लागलेली. अंगठे लागलेले की नाही हे मूर्ती घेताना कुणी बघत नाही, पण मूर्तिकारानं मन लावलं होतं की नाही ते मला तिथेच कळतं. अंगठे ढिले पडलेले असतील तर ध्यान मोडल्यासारखं दिसतं.

धम्मचक्र प्रवर्तन मुद्रा, सारनाथचं पहिलं प्रवचन, पाच भिक्खूंसमोर. दोन्ही हात छातीजवळ, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मिळून गोल झालेला आणि डाव्या हाताची बोटं त्याला लागलेली, जणू चाक फिरवतायत. नागपूरसाठी या मुद्रेचं वेगळं सांगायलाच नको, १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी जे केलं त्याला आपण धम्मचक्र प्रवर्तनच म्हणतो. सारनाथच्या म्युझियममध्ये पाचव्या शतकातली प्रसिद्ध मूर्ती आहे, तिच्या आसनावर मधे चक्र, दोन हरणं आणि ते भिक्खू कोरलेले आहेत. हरणं का, तर ती जागा मृगदाव, म्हणजे हरणांचं वन होती म्हणून. ही मुद्रा घ्यायची ठरली तर आसनावर चक्र आणि हरणं करून घ्याच, फार खर्च वाढत नाही आणि लहान मुलांना गोष्ट सांगायला जागा मिळते. पण ही घडवायला सगळ्यात अवघड मुद्रा आहे, दहा बोटं एका जागी येतात, नवशिक्या हातात ती बोटं भेंड्यांसारखी होतात. मूर्तिकाराचं आधीचं काम बघितल्याशिवाय ही देऊ नका.

अभयमुद्रा म्हणजे उजवा हात वर, तळवा समोर, घाबरू नका. वरदमुद्रेत हात खाली, तळवा समोर, देणारा हात. वितर्कमुद्रेत अंगठा-तर्जनीचा गोल आणि हात वर, समजावून सांगणारा. चालणारे बुद्ध ही माझ्या मते आपल्या लोकांच्या सगळ्यात जवळची मूर्ती आहे, चरथ भिक्खवे चारिकं बहुजनहिताय बहुजनसुखाय, म्हणजे भिक्खूंनो, पुष्कळांच्या हितासाठी, सुखासाठी फिरत रहा, असं सांगून स्वतः पंचेचाळीस वर्षं पायी फिरलेला माणूस. कामठी रोडवर नागलोक या बौद्ध प्रशिक्षण केंद्राच्या आवारातली मोठी मूर्ती चालणाऱ्या बुद्धांची आहे, ऑर्डर द्यायच्या आधी कमिटीला घेऊन एकदा तिथे जाऊन उभे रहा, बसलेल्या आणि चालणाऱ्या मूर्तीपुढे आपल्याला वेगळं वाटतं ते अनुभवल्याशिवाय सांगता येत नाही. महापरिनिर्वाणाची मूर्ती उजव्या कुशीवर झोपलेली, अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यात आहे तशी, ती जवळपास सात मीटरची आहे. छोट्या विहारात तिच्यासाठी भिंतीची लांबी मिळत नाही.

आता घेऊ नये असं काय ते पण सांगते. पोटावर हात ठेवून हसणारा तो लाफिंग बुद्धा म्हणजे गौतम बुद्ध नाही, तो बुदाई नावाचा चिनी भिक्खू, त्याच्याशी भांडण नाही पण विहारात तो बुद्ध म्हणून बसवायचा नाही. नुसतं डोकं असलेले शोपीस मी घेत नाही, जुन्या विहारांतल्या मूर्तींची डोकी तोडून बाजारात विकली गेली त्यातून ती फॅशन आली, आपण ते घरात कशाला लावायचं. आणि मूर्तीच्या कपाळाला गंध, हातात शंख-चक्र असं काही कुणी ‘सुंदर दिसेल’ म्हणून सुचवलं तर ठामपणे नाही म्हणा. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांमधली पाचवी प्रतिज्ञा हेच सांगते की बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही.

डोकं, डोळे, कान, चिवर

दीघ निकाय या पाली ग्रंथातल्या लक्खण सुत्तात महापुरुषाची ३२ लक्षणं दिली आहेत, सगळी काही मूर्तीत येत नाहीत. रोज दिसणाऱ्या खुणा तेवढ्या सांगते, त्यातले लांब कान आणि गळ्याच्या वळ्या त्या ३२ मधल्या नाहीत. डोक्यावरचा उंचवटा म्हणजे उष्णीष, तो अंबाडा नाही, प्रज्ञेची खूण आहे. दोन भुवयांमधला ठिपका म्हणजे ऊर्णा, मूळ कल्पना पांढऱ्या मऊ केसाच्या वळणाची, म्हणून तिथे लाल टिकली रंगवणं चूक आहे, छोटा गोल उंचवटा पुरे. लांब कानाच्या पाळ्या राजपुत्र असताना घातलेल्या जड कुंडलांची आठवण, आणि ती कुंडलं आता नाहीत हाच त्यातला अर्थ, म्हणून कानात दागिना दाखवायचा नाही. गळ्यावर तीन वळ्या. तळहात-तळपायावर चक्र.

डोळ्यांवर आमच्या मंडळात तीन रविवार चर्चा चालली. परंपरेत अर्धे मिटलेले डोळे असतात, नजर खाली, नाकाच्या शेंड्यापलीकडे. बाबासाहेबांना मात्र उघड्या डोळ्यांचा बुद्ध भावायचा, जगाकडे, माणसांच्या दुःखाकडे बघणारा. तरुण पोरांना उघडे डोळे पाहिजे होते, ध्यानाला बसणाऱ्या बायकांना अर्धे मिटलेले. शेवटी आम्ही असं ठरवलं की भूमिस्पर्श आहे म्हणजे जागं होण्याचा क्षण आहे, तर डोळे उघडे पण नजर खाली, समोर बसलेल्या माणसावर. तुम्ही काहीही ठरवा पण ठरवा, मूर्तिकारावर सोडू नका, नाहीतर तो सवयीनं देवीच्या मूर्तीसारखे मोठे काजळ घातलेले डोळे करतो, आणि ओठ लालभडक.

चिवराच्या चुण्या ही शैलीची निवड आहे. गांधारच्या मूर्तींत जाड कापड, खोल चुण्या, दोन्ही खांदे झाकलेले. सारनाथला कापड इतकं पातळ की चुणीच नाही, फक्त गळ्याशी आणि हाताशी काठाची रेघ. घरच्या मूर्तीला सारनाथ पद्धत बरी, एक तर शांत दिसते आणि दुसरं, चुण्यांत धूळ बसत नाही (नागपूरची उन्हाळ्यातली धूळ किती असते माहीतच आहे).

जुन्या मूर्ती डोळ्याखालून घालायच्या असतील तर आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे सेंट्रल म्युझियमला जा, रामटेकजवळच्या हमलापुरीला सापडलेल्या वाकाटक काळातल्या कांस्य बुद्धमूर्ती तिथल्या आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याच भागात धातूत असं काम होत होतं हे कळल्यावर बाजारातल्या चकचकीत मूर्तींकडे बघायची नजर बदलते. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बुद्धविहारातली चंदनाची मूर्ती पण बघा, लाकडात चेहरा किती मऊ होतो ते कळतं.

ऑर्डर द्यायच्या आधी एकदा मातीत हात घाला

ही पायरी लोक गाळतात आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. विहारातल्या मुलांना घेऊन दोन रविवार शाडूच्या छोट्या ध्यानमूर्ती करा. सुंदर नाही झाल्या तरी चालतील, पण ज्यानं एकदा मांडीवर हात बसवायची धडपड केली त्याला दुसऱ्याची मूर्ती बघता येते.

आठ इंची मूर्तीला तीन-चार किलो शाडू लागतो. कणकेसारखा मळा, पोळीच्या कणकेपेक्षा थोडा घट्ट, आत हवा राहू देऊ नका. प्लायच्या तुकड्यावर कागद टाकून आधी जाड गोल आसन थापा. दोन लोड वळून मांडी घाला. धड म्हणजे वर रुंद आणि कमरेत निमुळता ठोकळा, तो मांडीवर बसवताना दोन्हीकडे खाचा पाडा आणि पाण्यात कालवलेली पातळ माती लावून दाबा, नुसतं चिकटवलं की वाळल्यावर सुटतं. मानेत खराट्याची जाड काडी खुपसा, तिच्यावर अंड्यासारखं डोकं.

आता माप. जुन्या शिल्पशास्त्राचं माप चेहऱ्यावर चालतं, हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत एक ताल म्हणजे बारा अंगुळं. गळा चार अंगुळं. गळ्यापासून छाती एक चेहरा, छातीपासून बेंबी एक चेहरा, बेंबीपासून खाली बैठकीपर्यंत एक चेहरा. दोन्ही गुडघ्यांमधली रुंदी साधारण बैठकीपासून केसांच्या रेषेपर्यंतच्या उंचीएवढी. म्हणजे खालून रुंद, वर निमुळता त्रिकोण होतो आणि त्यामुळेच बसलेली बुद्धमूर्ती इतकी स्थिर वाटते, कुणी हलवू शकत नाही अशी. एक सुतळी घ्या, चेहऱ्याएवढी गाठ मारा, तिनंच सगळं मोजा. हीच सुतळी पुढे मूर्तिकाराकडे न्यायची आहे.

चेहऱ्याचे तीन सारखे भाग: कपाळ, नाक, नाकाखालून हनुवटी. डोळ्याची जागा पूर्ण डोक्याच्या मधोमध येते, मुलं हमखास वर करतात. आधी डोळ्याची छोटी गोळी बसवा आणि तिच्यावर पापणीची पातळ पट्टी घाला, रेघ ओढून डोळा करू नका. केसांसाठी ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या, कपाळाच्या मध्यापासून सुरू करून ओळीनं, प्रत्येकीवर टूथपिकनं उजवीकडे वळणारी गुंडाळी. हात सगळ्यात शेवटी.

मूर्ती अर्धवट कडक झाली की उलटी करून खालून पोकळ करा, अंगठ्याएवढी जाडी ठेवा. आपल्याकडे वाळवताना घाई झाली की तडे ठरलेले, एप्रिल-मे मध्ये तर कूलरसमोर ठेवलेली मूर्ती एका रात्रीत फाटते. पहिले दोन दिवस ओल्या सुती कापडात, नंतर सावलीत आठ-दहा दिवस.

मटेरियल

आता दगड-धातूचा प्रश्न. इथे मुद्रा बोलते. दगडात पुढे आलेला सुटा हात हा सगळ्यात कमजोर भाग, जुन्या उभ्या मूर्ती बघा, कितीतरी मूर्तींचा अभयमुद्रेतला उजवा हातच तुटलेला असतो. मथुरेच्या कारागिरांनी म्हणून वर उचललेल्या हातामागे दगड तसाच ठेवून खांद्याला जोडला. बोटांमधे जाळी हे ३२ लक्षणांपैकी एक आहे, काही अभ्यासक तर म्हणतात की दगडात बोटं मोडू नयेत म्हणून मधे दगड सोडायची जी पद्धत होती तिचा आणि या लक्षणाचा संबंध असावा. तर संगमरवर घ्यायचा असेल तर ध्यान किंवा भूमिस्पर्श, हात अंगाला धरून असलेले. अभय, वितर्क, चालणारे बुद्ध पाहिजे असतील तर धातू किंवा फायबर.

संगमरवर बहुतेक राजस्थानातून येतो, जयपूरला घडलेल्या मूर्ती नागपुरात सर्रास मिळतात. वजनाचा हिशेब आधी करा, एक घनफूट संगमरवर साधारण ७६ किलो. तीन फूट उंच, दोन फूट रुंद, दीड फूट खोल अशा ठोकळ्याचे नऊ घनफूट होतात, म्हणजे जवळपास ६८५ किलोचा दगड, कोरून कमी झाला तरी कितीतरी क्विंटल उरतो, वर चौथरा वेगळा. विहार पहिल्या मजल्यावर असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय स्लॅबवर ठेवू नका. दुसरी काळजी, मार्बल पावडर आणि रेझिन साच्यात ओतून केलेल्या मूर्ती संगमरवर म्हणून विकतात. हात लावून बघा, खरा दगड गार लागतो, तळाला बारीक बुडबुडे दिसत नाहीत, बाजूनं साच्याची शिवण नसते. तळाला कोपऱ्यात लिंबाचा थेंब टाकला तर खऱ्या संगमरवरावर फेस येतो, दुकानदाराला विचारून आणि फक्त तळालाच करा कारण डाग राहतो.

पितळ-कांस्याची हातानं केलेली मूर्ती मेणाच्या पद्धतीनं होते. आधी पूर्ण मूर्ती मेणात घडवतात, तिच्यावर बारीक मातीचा लेप, मग जाड मातीचे थर, वाळवून भाजलं की मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. गार झाल्यावर माती फोडून टाकतात, म्हणून तो साचा पुन्हा वापरता येत नाही, ती मूर्ती एकच. नंतर छिन्नीनं डोळे, बोटं, चिवराचे काठ काढायचे, खरं कसब तिथे. आपल्या शेजारच्या बस्तरचं ढोकरा काम याच पद्धतीचं, तामिळनाडूतल्या स्वामीमलईचं पण, आणि नेपाळात पाटणचे शाक्य कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तांब्यात बुद्ध घडवून सोन्याचा मुलामा देतात. हातकाम ओळखायचं तर मूर्ती फिरवून पाठ बघा. पाठीमागचा चिवराचा काठ आणि मानेवरचे केस नीट काढलेले असतील तर कारागिरानं मनापासून केलं आहे.

फायबर हलकं, मोठ्या उंचीला परवडतं, पण उन्हात रंग उडतो आणि पृष्ठभाग पांढरट भुकटीसारखा होतो, उघड्या चौकात बसवायची तर दर दोन-तीन वर्षांनी रंगकाम धरूनच चला. पीओपी विहारात नको, दोन पावसाळ्यांत ओल धरते. लाकूड सुंदर पण आपल्या हवेत, कोरडा उन्हाळा आणि लगेच ओला पावसाळा, भेगा पडतात, घ्यायचंच तर पूर्ण वाळलेलं घ्या आणि कूलरच्या वाऱ्यात ठेवू नका.

मूर्तिकाराकडे

नागपुरात मूर्तिकार म्हटलं की महालातली चितार ओळ आठवते. तिथले हात चांगलेच आहेत पण वेळ सांभाळा, पोळ्यापासून गणपती, मग देवी, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि आपला दिवस नेमका दसऱ्याचा. दसऱ्याला मूर्ती पाहिजे तर फेब्रुवारी-मार्चलाच ऑर्डर द्या, बुद्धपौर्णिमेला पाहिजे तर दिवाळी झाली की लगेच.

कागदावर लिहून घ्या: मुद्रा, कोणता हात कुठे, उंची आसन धरून की सोडून (यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात), मटेरियल, डोळे, रंग की पॉलिश, पोचवायचा खर्च कुणाचा. पैसे तीन भागांत, एक ॲडव्हान्स, एक मातीचं मॉडेल पास झाल्यावर, एक मूर्ती जागेवर बसल्यावर. मधला हप्ता मॉडेल बघितल्याशिवाय देऊ नका, आमची चूक सुधारली ती त्यामुळेच, मूर्तिकारदादांनी पण तक्रार न करता नवीन मॉडेल करून दिलं.

मातीचं पूर्ण मापाचं काम सुरू झालं की तीनदा जा. पहिल्यांदा सळई-सुतळीच्या सांगाड्यावर माती चढली असताना, तेव्हा फक्त सुतळीनं माप बघा. दुसऱ्यांदा हात झाल्यावर. तिसऱ्यांदा चेहरा झाल्यावर, आणि तेव्हा उभं राहून बघू नका, जमिनीवर बसा, कारण विहारात आपण बसून बघणार आहोत. मूर्ती चौथऱ्यावर उंच जाणार असेल तर खालून डोकं लहान आणि छाती मोठी दिसते, जाणकार मूर्तिकार डोकं थोडं मोठं करतात आणि किंचित पुढे झुकवतात, त्यासाठी चौथऱ्याची उंची त्यांना आधीच सांगावी लागते. ओठांचे कोपरे जेमतेम उचललेले पाहिजेत, दात-गाल दिसेल असं हसू नको. मोबाईलच्या फोटोवर पास करू नका, फोटोत चेहरा नेहमी चपटा दिसतो.

बसवताना आणि नंतर

आणताना मूर्ती गाडीत टायर आणि रेतीच्या पोत्यांमधे घट्ट, बोटं आणि कान फोमनं गुंडाळून. चौथरा असा ठेवा की सतरंजीवर बसलेल्या माणसावर त्या डोळ्यांची नजर पडेल, आमच्याकडे एक बाई खाली बसली आणि दोघींनी विटा वाढवत-कमी करत उंची ठरवली. लाईट वरून आणि किंचित बाजूनं द्या. खालून बल्ब लावला तर पापण्यांची सावली वर जाते आणि शांत चेहरा भीतीदायक होतो, आणि समोर ट्यूबलाईट लावली तर सगळं कोरीव काम सपाट.

आपल्याकडे मूर्तीत प्राण घालायचा विधी नाही, भन्तेजींना बोलवा, त्रिसरण पंचशील, परित्राण पाठ म्हणजे रक्षणासाठी म्हणायची पाली सुत्तं, झालं. वेगवेगळ्या बौद्ध देशांत कारागिरांच्या आपल्या पद्धती आहेत, श्रीलंकेत मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात आणि कारागीर थेट न बघता आरशात बघून रंगवतो, नेपाळ-तिबेटकडे मूर्तीच्या पोकळीत मंत्र लिहिलेले कागद भरून तळ बंद करतात, म्हणून तिकडची जुनी मूर्ती मिळाली तर तळ उचकटून बघू नका. आमच्या मूर्तीची बुबुळं पण आम्ही शेवटीच कोरून घेतली, जागेवर बसल्यावर, विहारातल्या उजेडात, आणि त्या दिवशी आजी समोर बसल्या होत्या.

फूल वाहताना आपण म्हणतो, पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं, हे फूल जसं कोमेजतं तसंच हे शरीर. म्हणून खरी फुलं वहा, प्लास्टिकची माळ घालू नका, जी कोमेजतच नाही ती काय शिकवणार. मेणबत्ती मूर्तीपासून हातभर लांब, अगरबत्तीचा धूर थेट चेहऱ्यावर जाऊ देऊ नका, पांढऱ्या संगमरवरावर पिवळी झाक येते आणि ती निघत नाही. संगमरवर फक्त मऊ कोरड्या ब्रशनं, फार तर ओलसर कापडानं, लिंबू-चिंच-व्हिनेगर कधीच नाही, आम्ल त्याला खातं. साध्या पितळेला चिंच चालते पण लगेच धुऊन कोरडं करा, आणि मुलामा असेल तर काहीच घासू नका, नुसती धूळ झटका.

जुन्या मूर्तीचं काय करायचं हे पण ठरवून ठेवा, लोक नवीन आणतात आणि जुनी पिंपळाखाली नेऊन ठेवतात, ते बघवत नाही. शाडूची असेल तर घरीच बादलीत विरघळवा आणि ती माती कुंडीत घाला. बाकी दुरुस्त होत असेल तर करा. आमच्या विहारातली जुनी मूर्ती छोटी होती, उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली, वस्तीतल्याच एका पोरानं एम-सीलनं बोटं करून रंग दिला आणि आता ती मागच्या खोलीत अभ्यासिकेत आहे, स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी कुलूप उघडतात तेव्हा आधी तिची धूळ झटकतात आणि मग पुस्तकं काढतात.